कार्डन शाफ्टवाल्याचा जुगार

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या दिवाळीत मी गावी, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरला गेलो, तेव्हा खिशात फक्त एस.टी.चं भाडं होतं. मेसचे अडीच हजार हॉस्टेलवरच पोकरमध्ये गेले होते. आणि मी काही आंधळेपणाने खेळलो नव्हतो! प्रोफेशनल खेळाडूंचे सल्ले वहीत लिहून पाठ केले होते. थोडेच डाव खेळा, पानं चांगली असतील तरच पैसे लावा, हरल्यावर चिडून खेळू नका. मग हे सल्ले खोटे की मी खोटा?

उत्तर एका लायब्ररीच्या पुस्तकात मिळालं. सिद्धेश्वर धरणाच्या काठावर बसून ते वाचत होतो. त्यात भेटला जिरोलामो कार्डानो. आपण मेकॅनिकलवाले ज्याला कार्डन शाफ्ट म्हणतो, ते नाव याच्यावरूनच पडलं.

कार्डानोचा जन्म 1501 साली इटलीत पाविया इथे झाला. वडील फाझिओ मिलानचे वकील, गणिताचे चांगले जाणकार. जन्माच्या वेळी आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि हे त्याला फार महागात पडलं. मेडिकल शिकून डॉक्टर झाला तरी मिलानच्या डॉक्टरांच्या मंडळाने याच कारणासाठी त्याला कित्येक वर्षं दारात उभं केलं नाही. शिकत असताना वडिलोपार्जित पैसा संपला, तेव्हा त्याने पत्ते, फासे आणि बुद्धिबळावर पोट भरलं. गणित पक्कं, त्यामुळे सुरुवातीला जिंकायचा जास्त. पण चटक लागली. पुढे बायकोचे दागिने आणि घरातलं सामान गहाण पडलं, आणि नवराबायकोला गरिबांच्या आश्रमात राहायची वेळ आली. एकदा समोरचा पत्त्यात फसवतोय असं वाटल्यावर या डॉक्टरसाहेबांनी त्याच्या तोंडावर सुरी चालवली!

तरी माणूस बुडाला नाही. 1534 मध्ये मिलानला गणित शिकवायची नोकरी लागली, 1539 मध्ये डॉक्टरांच्या मंडळानेही घेतलं. 1545 साली त्याचा आर्स मॅग्ना हा ग्रंथ आला. त्यात घन समीकरणाची उकल होती. ती त्याला टार्टाग्लियाने गुप्त ठेवायच्या अटीवर सांगितली होती, त्यामुळे दोघांचं जन्माचं वैर झालं. 1552 मध्ये तर स्कॉटलंडच्या आर्चबिशपचा दमा बरा करायला त्याला तिकडे बोलावून नेलं.

या सगळ्यात त्याने जुगारावर एक छोटं पुस्तक लिहून ठेवलं. दोन फाशांची 36 आणि तीन फाशांची 216 दानं त्याने मोजली. दोन्ही बाजूंची परिस्थिती सारखी असेल तरच खेळ न्याय्य, हा पाया घातला. पोकरचा पूर्वज मानला जाणारा प्रिमेरोही त्यात आहे. कोणाशी खेळावं, किती लावावं, खुणा केलेले पत्ते कसे असतात, सगळं आहे. म्हणजे प्रोफेशनलचा बेसिक सल्ला, साडेचारशे वर्षांपूर्वीचा! छापलं मात्र 1663 मध्ये, तो वारल्यावर 87 वर्षांनी. तोवर पास्कल आणि फर्मा यांनी 1654 मध्येच संभाव्यतेचं गणित मांडलं होतं.

आता खरा धक्का. थोरला मुलगा बायकोला विष दिल्याच्या आरोपात दोषी ठरला आणि 1560 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. धाकटा आल्डो जुगारी निघाला. 1569 मध्ये तो अंगावरचे कपडेसुद्धा हरला आणि बापाच्याच घरात चोरी केली. बापाने स्वतः तक्रार केली, आणि आल्डोला बोलोन्याबाहेर हाकललं. दुसऱ्याच वर्षी चर्चने कार्डानोलाच तुरुंगात टाकलं. शेवटी रोममध्ये 1576 साली तो वारला.

जगाला दानं मोजून देणाऱ्याला स्वतःचा मुलगा वाचवता आला नाही. मग सल्ला फुकट? तसंही नाही. गणित खरं आहे. पहिल्या दोन पानांत दोन एक्के यायची शक्यता 221 मध्ये 1. आले तरी समोर एकच खेळाडू असताना शंभरातले साधारण 85 डाव जिंकतात, 15 हरतात. सल्ला हजारो डावांचा हिशोब सांगतो, आणि माझ्याकडे पैसे होते एका महिन्याच्या जेवणाचे! शिवाय माझे मित्रही तेच सल्ले वाचून बसले होते.

कार्डानोने आणखी एक गोष्ट लिहिलीय. जुगारात सगळ्यात मोठा फायदा अजिबात न खेळण्यात आहे. माझ्या वहीत हा सल्ला नव्हता, आणि खुद्द त्यानेही तो पाळला नव्हता.

आजोबांना शेवटी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मेसचे पैसे दिले, पण उसने म्हणून. दर महिन्याला ट्यूशनमधून तीनशे फेडतोय. अजून दोन हप्ते बाकी आहेत.