कुंडीतला वाटाणा आणि आगकाड्यांची मौज

दादासाहेब फाळके यांचे नाव निघाले की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. त्या चित्रपटाचे भांडवल उभे राहिले ते मात्र घरच्या कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या जोरावर!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, मुद्रण असे नाना उद्योग त्यांनी केले. आडनावाची अक्षरे फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. त्यांच्यातील चित्रपटकाराला हा जादूगार पुढे फार उपयोगी पडला.

छापखान्यातील भागीदारांशी बिनसल्यावर ते बाहेर पडले. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि पुढचा मार्ग ठरला. चित्रफिती पाहण्याच्या ध्यासात डोळ्यांवर इतका ताण पडला, की दृष्टीच गेली. उपचारांनी ती सुदैवाने परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहिले, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले.

यंत्रसामग्री आली, पैसा मात्र संपला होता. हलत्या चित्रांच्या खुळावर रक्कम लावणार कोण? तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोखला आणि सुमारे महिनाभर ते रोपाची चित्रे टिपत राहिले. कॅमेरा सलग फिरवायचा नाही. चित्र घ्यायचे, थांबायचे, रोप वाढू द्यायचे आणि पुन्हा चित्र घ्यायचे. मूकपटांत सेकंदाला साधारण सोळा चित्रे धावत, म्हणजे मिनिटभराच्या पटासाठी नऊशेवर चित्रे हवीत. या काळात कुंडी किंवा कॅमेरा जरा जरी हलला असता, तरी पडद्यावर रोपाने उडीच मारली असती. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे किचकट काम पत्नी सरस्वतीबाई शिकल्या होत्या. त्यांचा वाटा केवळ दागिने देण्यापुरता मानणे अन्यायाचे ठरेल.

कोंब फुटून वेल चढतो, हे सारे मिनिटभरात दिसले. हा ‘अंकुराची वाढ’ पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे स्नेही कर्ज देण्यास पुढे आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

कुंडीतले हे तंत्र फाळके विसरले नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या ओढगस्तीत, १९१५ साली, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी काड्यांना असे नाचवले होते. त्यातूनच ही कल्पना सुचली असावी. वाटाणा निदान आपोआप वाढत होता. काडी मात्र जागची हलत नाही. ती हाताने किंचित सरकवायची, हात चौकटीबाहेर न्यायचा, चित्र घ्यायचे आणि पुन्हा सरकवायची. पडद्यावर हात दिसत नाही, काड्या मात्र चालू लागतात. ‘प्रोफेसर केल्फा’ यांनाही याहून वेगळे काय हवे होते?

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळके यांचे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग आज पाहावयास मिळतो. आगकाड्यांची चित्रफीत मात्र काळाच्या ओघात नष्ट झाली आहे.