वकील, न्यायाधीश आणि वायूची बॅटरी

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या, देशातच तयार झालेल्या फ्युएल सेल बसचे अनावरण झाले. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून ती तयार केली होती. या बसला डिझेल लागत नाही, धूर येत नाही. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या मिलनातून वीज होते आणि मागे उरते ते पाणी. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना ही एकविसाव्या शतकाची करामत वाटली असणार. पण तिचे बीज १८३९ सालचे आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून दूर केले, ते हेच वर्ष. आणि हे बीज पेरणारा माणूस पेशाने शास्त्रज्ञ नव्हता, तो वकील होता. त्याचे नाव विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह.

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ रोजी वेल्समधल्या स्वान्सी या बंदराच्या गावी झाला. तांबे गाळण्याच्या भट्ट्यांसाठी हे गाव त्या काळी जगभर प्रसिद्ध होते. वडील जॉन ग्रोव्ह हे तिथले मॅजिस्ट्रेट. घर खाऊनपिऊन सुखी आणि मुलाने वकील व्हावे हे जणू ठरलेलेच. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजातून ते शिकले आणि १८३५ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी स्वान्सीत विज्ञानाच्या आवडीने एकत्र आलेल्या मंडळींनी एक संस्था काढली. तिच्या उभारणीत या तरुण बॅरिस्टरचाही हात होता. १८३७ मध्ये एमा पॉल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे सरळ वकिली चालायची, पण प्रकृती साथ देईना. कोर्टाची दगदग झेपत नव्हती, हातात वेळ होता आणि लहानपणापासूनची विजेची ओढ होती. आजारपणामुळे मिळालेल्या या सवडीत ग्रोव्ह यांनी प्रयोगाला सुरुवात केली.

त्या काळी वीज म्हणजे बॅटरीची वीज. डायनामो अजून घरोघर सोडाच, कारखान्यातही आला नव्हता. बॅटऱ्या होत्या, पण थोड्या वेळात त्यांचा जोर ओसरायचा. ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये एक नवा घट तयार केला. जस्ताचा पत्रा पातळ सल्फ्युरिक आम्लात, प्लॅटिनमचा पत्रा तीव्र नायट्रिक आम्लात आणि दोहोंच्या मध्ये सच्छिद्र मातीचे भांडे, अशी त्याची रचना. या घटाचा दाब सुमारे १.९ व्होल्ट, म्हणजे त्या वेळच्या डॅनियलच्या घटापेक्षा बराच जास्त. प्रवाहही जोरकस. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आणि बर्मिंगहॅमच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याची माहिती दिली गेली आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ग्रोव्ह यांचे नाव झाले. पुढे अमेरिकेतल्या तारखात्याने हा घट बरीच वर्षे वापरला. खोट दोनच. नायट्रिक आम्लातून निघणारा तांबूस, गुदमरवणारा धूर आणि प्लॅटिनमची किंमत.

प्लॅटिनमच्या किमतीवर पहिला उतारा लगेच निघाला. जर्मनीतले रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४१ मध्ये प्लॅटिनमच्या जागी कार्बन बसवला. दगडी कोळसा आणि कोक भाजून त्यांनी घट्ट कांड्या केल्या आणि घट कितीतरी स्वस्त झाला. प्लॅटिनम काढा आणि कार्बन बसवा, ही खटपट तेव्हा सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. तिचा शेवटचा अंक अजून लिहायचा आहे.

आता मुख्य शोधाकडे येऊ. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, हे १८०० सालापासून ठाऊक होते. ग्रोव्ह यांच्या मनात उलटा प्रश्न आला. हे दोन वायू पुन्हा एकत्र आले आणि पाणी झाले, तर खर्ची पडलेली वीज परत मिळेल का? १८३९ च्या आरंभी त्यांनी काचेच्या दोन नळ्या आम्लमिश्रित पाण्यात उपड्या ठेवल्या. एकीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन आणि प्रत्येकीत प्लॅटिनमची पट्टी, अर्धी वायूत आणि अर्धी पाण्यात. पट्ट्या तारेने जोडताच विद्युतमापकाचा काटा हलला. ही बातमी त्यांनी आपल्या एका लेखाच्या शेवटी, ताजा कलम म्हणून जोडली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे प्राध्यापक क्रिस्टियन शोनबाइन हेही प्लॅटिनम आणि या वायूंवर काम करून जवळपास त्याच ठिकाणी पोहोचले होते. शोध पहिला कोणाचा यावरून माणसे आयुष्यभर अबोला धरतात. या दोघांची मात्र मैत्री झाली, आणि ती टिकली.

१८४१ मध्ये ग्रोव्ह लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये प्रायोगिक विज्ञानाचे प्राध्यापक झाले. तिथे १८४२ मध्ये त्यांनी आपली वायूची बॅटरी मोठ्या प्रमाणावर उभारली. एकाशेजारी एक असे पन्नास जोड. प्रत्येक जोडात हायड्रोजनची नळी आणि ऑक्सिजनची नळी. पाच माणसांनी हातात हात धरून साखळी केली, तर पाचांनाही झटका जाणवायचा. एकट्याने घेतला तर तो चांगलाच झोंबायचा. वीज वाहू लागली की नळ्यांतले पाणी वर चढायचे, हायड्रोजनच्या नळीत ऑक्सिजनच्या दुप्पट. पाण्यात या दोन वायूंचे जे प्रमाण असते तेच इथे डोळ्यांसमोर दिसत होते.

ग्रोव्ह यांनी मग या बॅटरीच्या विजेने पुन्हा पाण्याचे विघटन करून पाहिले. म्हणजे एका बाजूला वायूंचे पाणी होत होते आणि त्या विजेने दुसऱ्या बाजूला पाण्याचे वायू. त्यासाठी किमान किती जोड लागतात हेही त्यांनी मोजले. उत्तर आले २६.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या एका जोडाचा दाब कागदावर १.२३ व्होल्ट येतो. त्या हिशोबाने पाणी फोडायला दोन-तीन जोड पुरे व्हावेत. मग २६ का लागले? उरलेल्यांचा जोर गेला कुठे? एक कारण ग्रोव्ह यांनी स्वतःच ओळखले. क्रिया प्लॅटिनमच्या साऱ्या पट्टीवर होत नाही. जिथे वायू, पाणी आणि धातू तिघेही एकमेकांना भेटतात, त्या बारीक रेषेवरच ती होते. म्हणून त्यांनी पट्ट्यांवर प्लॅटिनमच्याच बारीक चूर्णाचा काळा थर चढवला, की खडबडीतपणामुळे भेटीची जागा वाढावी. दुसरे कारण पुढे उमगले. हायड्रोजन झटपट कामाला लागतो, अडून बसतो तो ऑक्सिजन.

ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू दुहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. तो बंध सुटायला हवा, चार इलेक्ट्रॉन यायला हवेत, चार हायड्रोजन आयन यायला हवेत, तेव्हा पाण्याचे दोन रेणू होतात. काम अर्ध्यात राहिले तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यात वीज निम्मी मिळते आणि ते घटाच्या आतल्या भागांना खातेही. प्लॅटिनम इथे मध्यस्थाचे काम करते. ऑक्सिजनला जवळ घेते, बंध सैल करते आणि पाणी झाले की सोडून देते. पण या मध्यस्थाची दक्षिणा फार मोठी!

या बॅटरीचे महत्त्व कळायला आपल्या मंडपामागचा जनरेटर आठवावा. त्यात डिझेल जळते, उष्णतेने इंजिन फिरते, इंजिनाने वीज होते आणि प्रत्येक पायरीवर काही ना काही वाया जाते. वर आवाज आणि धूर आहेतच. ग्रोव्ह यांच्या नळ्यांत ज्वाला नव्हती, चाक नव्हते. इंधनातून सरळ वीज होत होती.

ग्रोव्ह यांना या बॅटरीतून पैसा मिळवायचा नव्हता. त्यांच्या मनात एक मोठा विचार घोळत होता. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, रासायनिक क्रिया आणि गती या वेगळ्या गोष्टी नसून एकीतून दुसरी निघू शकते, असे ते १८४० च्या दशकात लंडनच्या व्याख्यानांत मांडत होते. १८४६ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक निघाले आणि १८७४ पर्यंत त्याच्या सहा आवृत्त्या झाल्या. मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम गणिताने बांधला, तो याच दशकात. ग्रोव्ह यांच्याकडे ते गणित नव्हते. पण सामान्य वाचकाला तो विचार समजावून सांगणाऱ्या पहिल्या माणसांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

१८४६ मध्येच त्यांनी प्राध्यापकी सोडली. कुटुंब वाढत होते आणि विज्ञानावर घर चालत नव्हते. मी स्वतः इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत रुळलेला माणूस. त्यामुळे ग्रोव्ह यांच्या चरित्रातले हे वळण मला सगळ्यांत जवळचे वाटते. ते कोर्टात परतले खरे, पण विज्ञान सुटले नाही. १८४७ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे रॉयल मेडल मिळाले. त्या सोसायटीत तेव्हा विज्ञानाशी फारसा संबंध नसलेली प्रतिष्ठित मंडळी सहज सभासद होत. ते थांबवून दरवर्षी निवडक पंधराच जण, तेही कामाच्या जोरावर घ्यावेत, या सुधारणेमागे ग्रोव्ह होते. वकिलीत मुरलेला माणूस नियम बदलून घेण्यात कमी पडला नाही.

वकिलीतही ते वर चढत गेले. १८५३ मध्ये क्वीन्स कौन्सेल झाले. १८५६ मध्ये डॉक्टर विल्यम पामरवरील विषप्रयोगाचा खटला इंग्लंडभर गाजला, त्यात बचावपक्षाच्या वकिलांत ग्रोव्ह होते. पेटंटच्या खटल्यांत त्यांचा हातखंडा होता. १८६६ मध्ये नॉटिंगहॅमला ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी निसर्गात सारे काही हळूहळू, सलग घडत जाते हा विचार मांडला आणि डार्विनची बाजू घेतली. १८७१ मध्ये ते न्यायाधीश झाले आणि पुढच्या वर्षी सर झाले. पेटंटचा खटला समोर आला की न्यायमूर्ती त्या यंत्रातच रमून जात आणि त्यात काय सुधारणा करता येईल ते स्वतःच सुचवत, असे सांगतात. १८८७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये वारले.

वायूची बॅटरी मात्र अडगळीत पडली होती. डायनामो आला होता, कोळसा स्वस्त होता. १८८९ मध्ये लुडविग मोंड आणि कार्ल लँगर यांनी ती नव्या रूपात मांडून पाहिली, पण प्लॅटिनमचा खर्च परवडेना. तिचे दिवस फिरले ते इंग्लंडमधले इंजिनियर फ्रान्सिस टॉमस बेकन यांच्यामुळे. निकेल आणि पोटॅशच्या तप्त द्रावणाच्या जोरावर १९५९ मध्ये त्यांनी पाच किलोवॅटचा घट चालवून दाखवला. त्याच धर्तीचे घट घेऊन अपोलो याने चंद्रावर गेली. यानातली वीज त्यांचीच आणि अंतराळवीर प्यायले ते पाणीही त्यांचेच.

आणि कार्बन? आजच्या बसमधल्या घटात प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या भुकटीवर पसरलेले असतात. थोड्या धातूत भेटीची जागा जास्त मिळावी, म्हणजे ग्रोव्ह यांच्या काळ्या थराचाच पुढचा अवतार. पण संशोधकांना प्लॅटिनमच काढायचे आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांत मधूनमधून नायट्रोजनचे अणू बसवले. नायट्रोजन शेजारच्या कार्बनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्या कार्बनवर किंचित धन भार येतो आणि ऑक्सिजन तिथे येऊन चिकटतो. अल्कलीच्या द्रावणात या नळ्या प्लॅटिनमपेक्षाही सरस ठरल्या. बसमध्ये मात्र आम्लधर्मी पडद्याचा घट असतो आणि तिथे नुसता कार्बन मागे पडतो. त्यात लोहाचे विखुरलेले अणू घातले की तो पुढे सरकतो, पण अजून हवा तितका टिकत नाही. काम निम्म्यावर आहे.

आपल्या मंडळातली कितीतरी मुले आज केमिस्ट्री, मेटलर्जी, इलेक्ट्रिकल शिकत आहेत. काही नोकरीला लागून अभ्यासापासून दुरावलीही असतील. त्यांनी ग्रोव्ह यांच्याकडे पाहावे. त्या माणसाने कोर्टाचे काम केले, घर चालवले, आणि उरलेल्या वेळात जगाला एक बॅटरी व एक कोडे देऊन गेला. २६ जोडांचे काम दोन-तीन जोडांत, तेही प्लॅटिनमशिवाय, कसे करायचे? याचे पूर्ण उत्तर अजून कोणी दिलेले नाही.