चित्रकार कार्ल रंगियस

कार्ल रंगियस हे रानातल्या जनावरांची चित्रे काढणारे थोर चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीत बर्लिन शहराजवळ झाला. १८९४ साली नातेवाइकांनी शिकारीला बोलावले म्हणून ते अमेरिकेत गेले. पुढे ते न्यूयॉर्कला राहू लागले.

उन्हाळ्यात ते कॅनडातल्या बॅन्फच्या डोंगरात जात. १९२१ साली तिथे त्यांनी चित्रे काढायला घर बांधले. रानात मोठे चित्र काढत बसता येत नाही. ऊन सरकते, सावली बदलते, जनावर पळून जाते. म्हणून ते पाटीएवढ्या कापडावर तैलरंगात भराभर छोटी चित्रे काढत. एकात नुसता खडक, एकात पडलेले झाड, एकात बर्फावरची सावली. हिवाळ्यात घरी ती समोर मांडत. मूस म्हणजे सांबरापेक्षाही मोठे हरीण. ते कुठे उभे करायचे, डोंगर कुठे, उजेड कुठून, हे सगळे आधी छोट्या चित्रात ठरवत. ते जमले की मगच मोठे चित्र.

ते शिकारही करीत. मारलेले जनावर दोऱ्यांनी बांधून उभे करीत आणि बघून चित्र काढीत. हे मला आवडले नाही. पण त्यांच्या चित्रातले पाय, खांदे अगदी खरे दिसतात, ते त्यामुळेच.

१९५९ साली ९० व्या वर्षी ते वारले. कॅलगरी शहराच्या ग्लेनबो संग्रहालयात त्यांची मोठी चित्रे आहेत आणि छोटीसुद्धा जपून ठेवली आहेत. मित्रांनो, चित्रकलेच्या तासाला आपणही आधी छोटे चित्र काढून बघू या.