डार्विनची बाग, गांडुळं आणि आईचा तेरडा

मागच्या ऑगस्टमध्ये आई कुडाळहून आमच्याकडे दक्षिण लंडनला आली होती. एकदा ओढ्याकाठी फिरायला गेलो, तर गुलाबी फुलांचं नुसतं रान माजलेलं. आईला वाटलं तेरडाच! गौरी जवळ आलेल्या, दोन रोपं मुळासकट न्यावीत म्हणून ती वाकलीसुद्धा. मी तिला अडवलं. हा हिमालयन बाल्सम. तेरड्याचाच भाऊबंद, 1839 मध्ये बागेच्या शोभेसाठी इंग्लंडात आणलेला. पिकल्या शेंगेला धक्का लागला की बी लांब उडतं, आणि नदीकाठच्या मूळच्या झाडांना तो जागाच ठेवत नाही. मधमाश्या त्याच्या मधावर तुटून पडतात आणि शेजारची देशी फुलं ताटकळत राहतात. तो रानात लावणं इथे गुन्हा आहे. आई हिरमुसली. म्हणून पुढच्या रविवारी तिला केंटच्या वेशीवरच्या डाउन गावात चार्ल्स डार्विनच्या घरी घेऊन गेलो.

डार्विन म्हटलं की आपल्याला माकडं, दाढी आणि शाळेतला उत्क्रांतीचा धडा आठवतो. बागेतला डार्विन फारसा माहीत नसतो. त्याचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 चा, श्रूजबरीचा. आठव्या वर्षी आई गेली. डॉक्टर वडिलांनी मेडिकलला घातलं, ते झेपलं नाही. मग पाद्री व्हायला केंब्रिजला पाठवलं, तिथे स्वारी भुंगेरे गोळा करण्यात गुंग. 1831 मध्ये ‘बीगल’ जहाजावर जायची संधी आली तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला. मध्ये पडला तो मामा, जोसाया वेजवुड. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे घराणं. मामाने समजूत घातली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

या पाच वर्षांच्या सफरीत त्याने दक्षिण अमेरिकेत एक दृश्य पाहिलं. युरोपातून गेलेल्या एका काटेरी झाडाने तिथली शेकडो चौरस मैल जमीन व्यापली होती, माणूस किंवा जनावर आत शिरू शकणार नाही इतकी. परकं झाड मोकाट सुटलं की काय होतं, ते त्याला तेव्हाच दिसलं.

परतल्यावर पुन्हा मामाचं गाव! मामाने एक शेत दाखवलं. काही वर्षांपूर्वी वर पसरलेली राख आणि चुना आता मातीखाली काही इंचांवर सापडत होता. मामाचा कयास होता की हे काम गांडुळांचं. भाच्याने 1837 मध्ये त्यावर लंडनच्या भूशास्त्र संस्थेत निबंध वाचला. पुढे 1839 मध्ये लग्न केलं तेही मामाच्या मुलीशी, एमाशी. आपल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही!

1842 मध्ये दोघं डाउनला आले आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. प्रकृती कायम बिघडलेली. उलट्या, चक्कर, थकवा. 1851 मध्ये दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली, ते दुःख कधीच ओसरलं नाही. प्रवास जवळपास संपलाच होता. मग जे काही पाहायचं ते घराभोवतीच. तीन फूट बाय दोन फूट जमीन साफ करून उगवणारं प्रत्येक रोप त्याने मोजलं: 357 उगवली, त्यातली 295 मेली, बहुतेक बिनशंखाच्या गोगलगायींनी आणि किड्यांनी फस्त केलेली. क्लोव्हरची 20 फुलं मोकळी ठेवली तर 2290 बिया आल्या, मधमाश्यांपासून झाकलेल्या 20 फुलांना एकही नाही. केसाळ भुंगे, म्हणजे इथले बंबलबी, कोणत्या वाटेने उडतात ते पाहायला त्याने पोरांना कुंपणाशी जागोजागी उभं केलं. बापाला पोरांची सोबत झाली, पोरांना खेळ!

पण मला सर्वांत आवडतात ती त्याची म्हातारपणची गांडुळं. कुंड्यांत ठेवून त्यांना शिट्टी ऐकवली, मुलाने बासून हे वाद्य वाजवलं, एमाने पियानो. गांडुळं ढिम्म. तीच कुंडी पियानोवर ठेवली तेव्हा मात्र सूर वाजताच बिळात पळाली. ऐकू येत नाही, पण कंप कळतो. 1842 मध्ये शेतात पसरलेल्या खडूचं काय झालं हे बघायला त्याने 29 वर्षांनी, 1871 मध्ये चर खणला. खडू सात इंच खाली गेला होता. एवढी वाट बघायची म्हणजे कमालच! एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, हा त्याचा हिशेब. ऑक्टोबर 1881 मध्ये आलेल्या पुस्तकाच्या हजारो प्रती हातोहात खपल्या.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक पुस्ती. तिथल्या उत्तरेकडच्या जंगलांत मुळात गांडुळं नव्हती. युरोपातून गेलेली गांडुळं आता तिथला पालापाचोळा संपवून रानफुलांची जागा हिरावतात. बागेत उपकारी असलेला जीव रानात उपद्रवी ठरतो, म्हणून गळाला लावून उरलेली गांडुळं जंगलात सोडू नका.

डार्विन 19 एप्रिल 1882 ला गेला. त्याला डाउनच्या गावच्या दफनभूमीत, आपल्या माणसांजवळ जागा हवी होती. पण सन्मान म्हणून वेस्टमिन्स्टर ॲबेत दगडी फरशीखाली पुरलं.

हिरवळीवर एक गोल दगड आहे. गांडुळं तो किती खाली नेतात हे मोजायचं यंत्र मुलाने, होरेसने केलं होतं. आई त्याच्याशेजारी बराच वेळ बसली. घरी आल्यावर तिने आमच्या हिरवळीचं मॉवर बंद करायला लावलं आणि पडलेली पानं वाफ्यात ओढली. गौरीला या वर्षी ती बियांचा तेरडा कुंडीत लावणार म्हणते. आपला, फुलं संपली की थंडीने मरणारा.