प्रमाणाबाहेरचे अर्थशास्त्र

प्रमाण या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : माप आणि पुरावा. एखाद्या बोलीला आपण अप्रमाण म्हणतो तेव्हा ती ठरावीक मापात बसत नाही, एवढेच सांगावयाचे असते. परंतु ऐकणारा ती निराधार, अडाण्यांची आहे असे समजतो. वर्ध्याकडचा विद्यार्थी वर्गात ‘करून राहिलो’ म्हणाला की बाहेरगावचे हसतात; त्याच्या वाक्यात अर्थाची उणीव मात्र काहीच नसते. विचारांच्या बाबतीतही हीच गल्लत होते, आणि तिचे ठळक उदाहरण वर्ध्यातच घडून गेले आहे.

जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. कॉर्नेलियस हे घराण्याचे आडनाव टाकून त्यांनी पुढे कुमारप्पा हे नाव धारण केले. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, मुंबईत तोच व्यवसाय, आणि १९२७ नंतर अमेरिकेत सिरॅक्यूज व कोलंबिया या विद्यापीठांत अध्ययन. कोलंबियात सेलिग्मन यांच्यासारख्या अधिकारी पंडिताच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थानचे दारिद्र्य आणि सरकारी कर व खर्च यांचा संबंध अभ्यासला. म्हणजे ज्याला प्रमाण म्हणावे ते सारे या गृहस्थाने रीतसर संपादन केले होते. हे मुद्दाम सांगावयाचे कारण, प्रमाण सोडणारा तो प्रमाण न जाणणारा, अशी आपली सोयीची समजूत असते.

१९२९ मध्ये आपला प्रबंध घेऊन ते गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीस लावले. १९३१ मध्ये इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याच्या छाननीसाठी काँग्रेसने समिती नेमली, तिचे ते निमंत्रक होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत कुमारप्पा चिटणीस म्हणून येऊन राहिले.

येथे त्यांच्या अर्थशास्त्राने वेगळे वळण घेतले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हातकागद या वस्तू मागासलेपणाची लक्षणे समजल्या जात. त्यांचा त्यांनी नव्याने हिशेब मांडला. गिरणीचा तांदूळ स्वस्त खरा. पण कोंड्याबरोबर गेलेले पोषण आणि सडणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कोणाच्या खात्यावर लिहावयाची? पैसा हे एक माप आहे, एकमेव नव्हे, हा त्यांचा मूळ मुद्दा. कोळसा, खनिज तेल, लोखंड यांचा साठा उपशाने घटत जातो. वाहते पाणी, झाडपाला, माणसाचे व जनावराचे श्रम पुनःपुन्हा उपलब्ध होतात. साठा आणि प्रवाह यांची गल्लत होऊ नये, ही हरकत हिशेबतपासनिसालाच सुचावी! मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार झाला तो याच विचारातून. तुरुंगात लिहिलेला त्यांचा शाश्वत अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर ठरविले. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाच्या यादीत नाही.

त्यांचे सारेच म्हणणे पटावे असे नाही. घाणीचे तेल महाग पडते आणि ते गरिबालाच परवडत नाही, या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मला त्यांच्या लेखनात सापडलेले नाही. राष्ट्रीय नियोजन समितीतूनही ते लवकरच बाहेर पडले. तेथे राहून भांडले असते तर बरे झाले असते, असे वाटते. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधार समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, काही काळ वर्ध्याजवळ सेलडोह येथे शेतीचे प्रयोग केले, आणि अखेरीस मदुराईकडील कल्लुपट्टीस गेले. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

१९७३ मध्ये शुमाकर यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांचा आधार घेतला. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने निसर्गातील परिसंस्थांचा हिशेब ठेवण्याची पद्धती स्वीकारली. म्हणजे जंगल, जमीन, पाणी यांची झीज मोजण्यास आता प्रमाणाचा शिक्का मिळाला आहे. आमच्याकडील कापूस उत्पादकासाठी आधारभूत किंमत ठरविताना बियाणे, खते, मजुरी आणि घरच्या माणसांचे श्रम धरले जातात. कस गेलेल्या मातीचा रकाना त्या तक्त्यात नाही.