२३ किल्ले दिले, १२ राखले : शिवरायांची पुरंदरची चाल काय होती?

वेल्ह्यातले राजगड आणि तोरणा, भोरजवळचा रोहिडा. आज तिन्हींवर सुट्टीच्या दिवशी ट्रेकर्सची गर्दी असते. पण १६६५ मध्ये या शेजाऱ्यांची ताटातूट झाली होती. रोहिडा मुघलांकडे गेला, राजगड आणि तोरणा स्वराज्यात राहिले.

असं का झालं?

१६३० मध्ये शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी तरुणपणीच तोरणा घेतला. समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधून तिथं राजधानी केली. १६५९ मध्ये अफजलखान संपला, १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापा पडला, १६६४ मध्ये सुरत लुटली गेली. मग औरंगजेबानं मिर्झाराजे जयसिंगांना पाठवलं.

जयसिंगांनी पुरंदरला वेढा दिला. वज्रगड पडला. मुरारबाजी देशपांडे लढता लढता कामी आले. दाऊदखानाच्या फौजेनं राजगड आणि रोहिड्याच्या आसपासची गावं जाळली. लढत राहिलं असतं, तर किल्ल्यांबरोबर माणसं आणि रयतही गेली असती.

जून १६६५ मध्ये महाराज स्वतः जयसिंगांच्या छावणीत गेले. तहात २३ किल्ले आणि वर्षाला ४ लाख होनांचा मुलूख द्यावा लागला. हाती उरले १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख.

आकडे पाहिले तर हा पराभवच. पण बुद्धिबळात मोहरा देताना पटावर काय उरतं, हेही पाहायचं असतं. इथं राजधानी राजगड उरली, शेजारचा तोरणा उरला, पुढे राजधानी झालेला रायगडही उरला. आणि फौज शाबूत राहिली.

त्याची किंमतही मोठी होती. याच तहानंतर महाराजांना आग्र्याला जावं लागलं. १७ ऑगस्ट १६६६ रोजी ते नजरकैदेतून निसटले आणि राजगडावर परतले.

परत आल्यावर लगेच मुघलांवर तुटून पडायचं? नाही. तब्बल तीन वर्षं त्यांनी मुघलांशी सलोखा ठेवला. महसूल, गडांचा बंदोबस्त, फौज यांची घडी बसवली.

१६७० उजाडलं तेव्हा दख्खनमध्ये शहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांच्यात वाद पेटला होता. महाराजांनी हीच वेळ साधली. ४ फेब्रुवारीला कोंढाणा परत आला, पण तानाजी मालुसरे गेले. ८ मार्चला पुरंदर, तर जूनमध्ये रोहिडा स्वराज्यात आला. लोहगड, माहुली, कर्नाळा हेही त्याच वर्षी परत मिळाले.

म्हणजे जे द्यायला भाग पडलं, त्यातलं बरंचसं पाच वर्षांत परत आलं. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तोही तहात राखलेल्या १२ किल्ल्यांपैकी एकावर. ३ एप्रिल १६८० रोजी तिथंच महाराजांचं निधन झालं.

पुढच्या वेळी राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे पाहाल, तेव्हा हे नक्की आठवा. माघार कुठवर घ्यायची आणि मिळालेल्या वेळात काय करायचं, हे ठरलेलं असेल तर दिलेलं परत मिळवता येतं. पण त्यासाठी गेलेली माणसं मात्र परत येत नाहीत.