दुसरी भाषा : फारसी

बेळगावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेतलं पोर आठवीत गेलं की घरी एक बैठक बसते. पहिली भाषा कोणती घ्यायची? निदान आमच्या वेळी एस.एस.एल.सी.ला तिचे 125 मार्क होते, म्हणजे एकूण 625 मधला पाचवा हिस्सा. मराठीत निबंधाला मार्क कापतात, कन्नड तेवढं पक्कं नाही, संस्कृत मात्र स्कोअरिंग. एवढ्या तीन वाक्यांत आमच्या घरचा निर्णय झाला. मी संस्कृत घेतलं, मार्क भरपूर पडले, पप्पांनी पेढे वाटले. आज त्यातला एक धड श्लोक मला अर्थासकट सांगता येणार नाही.

त्यामुळे धनंजय कीरांनी लिहिलेलं डॉ. आंबेडकरांचं चरित्र वाचताना मी एका ठिकाणी अडकले. हा मुलगा संस्कृत मागत होता. त्याला ते हवं होतं, मार्कांसाठी नव्हे. आणि शाळेनं ते दिलं नाही.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, इंदूरजवळच्या महू छावणीतला. मूळ गाव कोकणात मंडणगडजवळचं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक, पंथानं कबीरपंथी. घरात पहाटे भजनं आणि रात्री अभ्यास. पेन्शनीत निघाल्यावर ते आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 या तारखेला 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढलं. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आंबडवेकरचं आंबेडकर झालं ते एका मास्तरांच्या आडनावामुळे, असं सांगतात. ते मास्तर या पोराला आपल्या डब्यातली भाजी-भाकरी देत.

बाकी शाळा मात्र अशी नव्हती. बसायला घरून तरटाचा तुकडा न्यायचा, वर्गात सगळ्यांपासून लांब अंथरायचा, संध्याकाळी परत गुंडाळून घरी आणायचा. तहान लागली तर शिपायानं वरून ओतलेलं पाणी प्यायचं. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

आमच्या ख्रिस्ती घरांत हे सगळं 'त्यांच्यातलं' म्हणून ऐकलं जातं, जणू आपला संबंधच नाही. पण गोव्यात चर्चच्या कोन्फ्रारीसुद्धा जातीवरून वेगळ्या होत्या, आणि लग्नाची बोलणी निघाली की बामण, चारडो, सुदीर हे शब्द आजही हळू आवाजात ऐकू येतात. तेव्हा हे पान वाचताना मान ताठ ठेवायचं कारण आपल्यालाही नाही.

1904 च्या सुमारास रामजींनी बिऱ्हाड मुंबईला, परळच्या चाळीत हलवलं. एकच खोली. त्यात चूल, जातं, सरपण, माणसं आणि एक शेळीसुद्धा. वडिलांनी रात्रीचे दोन भाग केले होते. पोरगं आधी झोपायचं, बाप दोन वाजेपर्यंत जागायचा. मग बाप त्याला उठवायचा आणि त्याच जागेवर स्वतः झोपायचा. हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला वडिलांनी त्याच्याकडून घोटून घेतली. नवं पुस्तक हवं म्हटलं की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना मागून आणायचे, गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. बहिणींचे दागिने गहाण पडून अभ्यासाची पुस्तकं येत होती. आमच्या गाईडची किंमत पाहून मी जी कुरकुर केली होती ती इथे आठवली.

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी, मुंबईतली नावाजलेली. तिथे तरट नव्हतं, पण एकदा मास्तरांनी भूमितीचं प्रमेय सोडवायला त्याला फळ्याकडे बोलावलं तेव्हा वर्गातली पोरं धावत सुटली. फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. डबे हलवल्यावरच त्याला फळ्याला हात लावता आला.

आता भाषेचं. हायस्कूलात इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा घ्यावी लागे, आणि मुलांपुढे मुख्यतः संस्कृत आणि फारसी हे पर्याय असत. भीमरावांच्या थोरल्या भावानं संस्कृत मागितलं तेव्हा मास्तरांनी अस्पृश्यांना शिकवणार नाही असं सांगितलं, आणि त्याला फारसीच्या वर्गात बसावं लागलं. भीमरावांवरही तीच वेळ आली. कुठला सरकारी नियम आड आला नव्हता, अभ्यासक्रमाच्या कागदावर दोन्ही भाषा सगळ्यांना मोकळ्या होत्या. एका माणसानं शिकवायला नकार दिला आणि शाळेनं तो चालवून घेतला, एवढंच. अभ्यासक्रम छापील पुस्तिकेत एक असतो आणि वर्गाच्या दारात दुसरा, हे मला इथे पहिल्यांदा नीट दिसलं.

गंमत अशी की फारसी त्यांना छान जमली. मार्क उत्तम पडत. एखाद्यानं म्हटलं असतं, झालं ते बरंच झालं, स्कोअरिंग सब्जेक्ट मिळाला! पण त्यांना तसं कधीच वाटलं नाही. फारसीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. हुकलं ते संस्कृत. काव्य, तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, नाटक यांचं केवढं भांडार त्या भाषेत आहे, ही जाणीव आणि आपल्याला दारातून परत फिरवलं ही सल, दोन्ही शेवटपर्यंत राहिल्या. आणखी एक होतं. ज्या ग्रंथांच्या आधारानं त्यांना लांब बसवलं जात होतं ते ग्रंथ त्याच भाषेत होते. ती भाषा न शिकवणं म्हणजे आरोपीला आरोपपत्र वाचू न देणं.

1907 साली ते मॅट्रिक झाले, 750 पैकी 282 मार्कांनी. टक्के काढले तर अडतीसही होत नाहीत. आज एवढ्या मार्कांवर शेजारीसुद्धा अभिनंदन करायला येणार नाहीत. पण त्या काळी, त्या समाजातल्या मुलानं, त्या खोलीत अभ्यास करून मॅट्रिक होणं ही सभा भरवण्यासारखी गोष्ट होती, आणि सभा भरलीच. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा केळुसकर गुरुजींनी आधीच हेरला होता. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा तेच त्याला महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर 1913 मध्ये महाराजांनीच त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची या करारावर.

कोलंबियातली त्यांच्या विषयांची यादी मी वहीत उतरवून घेतली आहे. अर्थशास्त्राचे 29 कोर्स, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एकेक. बेरीज साठ! ज्याला हायस्कूलात एक विषय निवडू दिला नव्हता त्यानं तीन वर्षांत साठ निवडले. मला ही यादी एखाद्या उपाशी माणसानं वाढून घेतलेल्या ताटासारखी वाटते. पण ती अधाशी मात्र नाही. मधोमध अर्थशास्त्र, आणि समाज कसा बांधला गेला हे सांगणारे विषय त्याच्या भोवती. 1916 च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तो त्या चार कोर्सांतून आला.

पुढचं बरंचसं आपल्याला पाठ आहे. लंडन, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं 1917 मध्ये अर्ध्यावर परत येणं, बडोद्याला पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढणं, त्या दिवशी बागेतल्या झाडाखाली बसून रडणं. मग सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पुन्हा लंडन, डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी. महाड, पुणे करार आणि घटना यांवर ग्रंथ आहेत, मी ते इथे घेत नाही. मला धागा हवा आहे तो शाळेचा.

तो सुटला नव्हता. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टानं आणि पंडितांच्या मदतीनं शिकले. 1946 साली शूद्र मूळचे कोण या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला, त्यात संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं आणि तरी जुन्या ग्रंथांना हात घातला. 1949 मध्ये घटनासभेत राजभाषेचा वाद पेटला तेव्हा संस्कृतला राजभाषा करावं अशी दुरुस्ती सुचवणाऱ्यांत त्यांचंही नाव होतं. ती टिकली नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावले. ज्या भाषेनं आपल्याला दाराबाहेर ठेवलं तिलाच? पण भाषेनं ठेवलं नव्हतं ना, मास्तरानं ठेवलं होतं. हा फरक त्यांनी केला, आणि आम्ही बेळगावात रोज भाषेवरून भांडणारे लोक तो सहसा करत नाही.

1935 मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच कॉलेजच्या मासिकात कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर लेख लिहिला. हो, आपल्या या अंकासारख्याच कॉलेजच्या मासिकात. 1945 ला त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. तिथले वर्ग सकाळी लवकर भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाला तास आटपून कामावर जाता यावं. 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राजवटीतून नुकतंच बाहेर पडलं होतं आणि त्या भागात कॉलेज म्हणजे दुर्मीळ चीज.

त्या शेवटच्या वर्षांत तब्येत खालावली होती, पाय दुखत, डोळे थकले होते. तरी टेबलावर एक काम पसरलेलं असे, पाली भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश. पाली शिकायचं तर साधन हवं, म्हणून ते स्वतःच तयार करायला बसले होते. 6 डिसेंबर 1956 ला ते गेले. तो कोश पुढे महाराष्ट्र सरकारनं त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापला. आमच्या लायब्ररीत तो खालच्या कप्प्यात आहे, जाड आणि जड. त्यातल्या एका भागात पाली शब्दापुढे अर्थ दिलेत ते इंग्रजीत, मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत.